अनंताचे उपासक

दिवाळी अंक उघडला की 'या अफाट विश्वात मी कोण?' हा प्रश्न कुठे ना कुठे भेटतोच. उत्तरेही ठरलेली असतात. एक पक्ष म्हणतो, माणूस म्हणजे धूलिकण. त्याच्या सुखदुःखाला अर्थ तो काय? दुसरा पक्ष सांगतो, चराचर तुमच्याशी बोलतच आहे; कान तेवढे उघडे ठेवा. पहिल्याला वैराग्याचा मान मिळतो, दुसऱ्याला शिष्य मिळतात. माझे म्हणणे असे की हे दोन्ही पक्ष आळशी आहेत. ते विश्वाकडेही नीट पाहत नाहीत आणि स्वतःकडेही नाहीत.

मी अंबरनाथचा. आमच्या शिवमंदिरातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा. त्याच्या सहाच वर्षे आधी, १०५४ साली, वृषभ राशीत एक तारा असा भडकला की २३ दिवस तो भरदिवसा दिसत होता. चीनमधील राजज्योतिष्यांनी त्याची जागा आणि दिवस लिहून ठेवले. हा एका ताऱ्याचा मृत्यू आहे, हे त्यांना ठाऊक असणे शक्य नव्हते. पण जे दिसले ते त्यांनी नेमके लिहिले. म्हणून आज त्या जागी दिसणाऱ्या क्रॅब तेजोमेघाची जन्मतिथी आपल्याला सांगता येते. 'अनंत, अनंत' असा नुसता जप त्यांनी केला असता तर आपल्या हाती काय उरले असते?

यावर कोणी म्हणेल, अर्थ तर विज्ञानानेच दिला आहे! रक्तातल्या लोहासारखी मूलद्रव्ये ताऱ्यांच्या पोटात घडली, हे १९५७ साली फ्रेड हॉईल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सविस्तर मांडले. खरे आहे, आणि अंगावर काटा यावा असेच आहे. पण तेच लोह माझ्या दारच्या गंजक्या खिळ्यातही आहे. खिळ्याला काही आत्मज्ञान झालेले नाही. विश्व वस्तुस्थिती पुरवते. अर्थ ज्याचा त्याने घडवायचा असतो, आणि घडवण्यापूर्वी स्वतःची झडती घ्यावी लागते.

ती कशी घ्यावी हे शेजारच्या उल्हासनगरात पाहावे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना युद्धकाळातल्या लष्करी छावणीच्या बराकींत आसरा मिळाला; १९४९ साली त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. तेथे राहून लिहिणारे सिंधी कथाकार मोहन कल्पना यांनी आपल्या आत्मचरित्राच्या नावात तीन शब्द घातले : भूक, इश्क आणि अदब. अदब म्हणजे साहित्य. क्रम पाहा! ज्याच्या पायाखालची भूमीच गेली, त्याला अनंतात दडी मारणे किती सोपे होते! त्याने आरंभ भुकेपासून केला.

मग आकाश पाहूच नये काय? अवश्य पाहावे, पण आपल्या जागेवरून पाहावे. आमच्या मंदिराच्या गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावे लागते, आणि वरचे शिखर पुरे नसल्यामुळे तो गाभारा आकाशाला उघडा आहे. देवळाला लागूनच वालधुनी वाहते. कारखान्यांच्या रसायनांनी आणि शहराच्या सांडपाण्याने तिचे गटार करून टाकले आहे. गाभाऱ्यात विश्वात्मक भावनेने ज्याचे डोळे ओलावतात, तोच भक्त बाहेर येऊन नाकाला रुमाल लावतो आणि काठाने घरी जातो. त्याच्या वहीत आकाशगंगा सापडेल, वालधुनी सापडणार नाही. ज्या आत्मचिंतनात हा रुमाल येत नाही, त्याला मी चिंतन म्हणत नाही.

दिवाळीची रात्र अमावास्येची. बदलापूरच्या पुढे वांगणीला हौशी आकाशनिरीक्षक वर्षानुवर्षे रात्री जमत आले आहेत. अंधार पुरेसा असेल तर या दिवसांत देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांना पुसट डागासारखी दिसते. तो प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे. तो पाहून परतल्यावर 'मी किती क्षुद्र!' असे मात्र लिहू नका. ते वाक्य आता फार झाले. काय दिसले ते लिहा. पाहताना मनात कोणाचा हेवा होता, कोणाचे देणे सलत होते, कशाची भीती होती, तेही लिहा. एवढे प्रामाणिकपणे उतरले, तर पुढच्या वर्षी संपादकांना 'अनंत' हा शब्द फारसा छापावा लागणार नाही.