लाईट पुढं सरकतीय

"मशीन चुकत नाही बाळ, तुझा हात चुकला."

हे थोर वाक्य माझं आहे. स्थळ : कॉलेजपासून सहा किलोमीटरवरच्या गावातलं हायस्कूल. वेळ : जानेवारी २०२५ मधला एक रविवार, सकाळी साडेअकरा. समोर सहावीतली एक मुलगी, तिच्यामागे पंधरा-वीस पोरांची रांग. त्या सकाळी हे वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल याचा हिशेब नाही. हा लेख त्या वाक्याबद्दल आहे. 'हॉस्टेलच्या त्या रम्य आठवणी' वाचायच्या असतील तर मित्रहो, चार पानं पुढे जा, तिथे नक्की मिळतील!

तर झालं असं. त्या शाळेला वाचनालयासाठी कपाटं आणि पुस्तकं घ्यायची होती, म्हणून त्यांनी आनंद मेळावा ठेवला होता. आमच्या एन.एस.एस. युनिटला विचारणा झाली. सिव्हिलच्या पोरांनी भेळ-पाणीपुरी घेतली (हुशार लोक!), कॉम्प्युटरवाल्या मुलींनी मेंदी घेतली, आणि आम्ही पडलो ई अँड टीसीचे, त्यामुळे "तुम्ही काहीतरी इलेक्ट्रॉनिक करा की" असा हुकूम झाला. आम्ही म्हणजे तिघे जण आणि हिशेब सांभाळायला मेकॅनिकलचा एक मित्र, कारण उधारी वसूल करण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही.

खेळ साधाच ठरवला. प्लायवर गोलात दहा एलईडी, नऊ लाल आणि एक हिरवा. दिवा गोल गोल पळत राहणार, आपण बटण दाबून धरायचं. हिरव्यावर थांबला तर एक पेन बक्षीस, नाहीतर पाच रुपये वाचनालयाला. पोटात ५५५ चा टायमर, तो ४०१७ ला ठोके देणार, आणि ४०१७ प्रत्येक ठोक्याला एक दिवा पुढे सरकवणार. बटण दाबलं की ४०१७ च्या तेरा नंबरच्या पिनेला सप्लाय मिळतो आणि मोजणी थांबते. हे सर्किट कोणत्याही हॉबी पुस्तकात सापडतं. पुण्याचा रूममेट सुट्टीला घरी गेला होता, त्याने तपकीर गल्लीतून सामान आणलं. पोरं बटणावर बुक्क्या मारणार हे गृहीत धरून आम्ही नाजूक पुश बटणाऐवजी दारावरच्या बेलचं दणकट बटण लावलं. या हुशारीचा आम्हाला फार अभिमान होता. तो नंतर उतरला.

वेग किती ठेवायचा यावर मेसमध्ये दोन दिवस भांडण झालं. हिशेबनीसाचं म्हणणं, भन्नाट पळवा, पेनं कमी जातील. पण डोळ्यांनी बघून हाताने दाबायला माणसाला साधारण पाव सेकंदाच्या जरा कमी वेळ लागतो. दिवा सेकंदाला वीस जागा सरकत असेल तर हिरवा फक्त पन्नास मिलिसेकंद पेटतो, म्हणजे हिरवा बघून दाबणाऱ्याचा डाव गेलाच. त्याने ताल पकडला पाहिजे, दोन-चार फेऱ्या मनात मोजल्या पाहिजेत. हे जमतं, सरावाने तर छानच जमतं. त्याहून फार वेग वाढवला की दहाही दिवे एकदम पेटल्यासारखे दिसतात आणि मग तो खेळ राहत नाही, मटका होतो. दिसतो मात्र खेळासारखाच! म्हणून आम्ही सेकंदाला वीसवर थांबलो आणि आपण फार प्रामाणिक आहोत असं समजून झोपलो.

मेळाव्याच्या दिवशी पहिला गोंधळ उन्हाने केला. लिंबाखाली टेबल मिळालं होतं, पण एलईडी काही दिसेनात. शेवटी हॉस्टेलमधली काळी छत्री प्लायवर बांधली तेव्हा कुठे खेळ सुरू झाला. हेडसरांनी माईकवरून जाहीर केलं की इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेलं वैज्ञानिक यंत्र आलेलं आहे. झालं, रांग लागली. पोरं हरत होती, हसत होती, परत पाच रुपये आणत होती. बारा वाजायच्या आत १३० चिठ्ठ्या फाटल्या आणि पेनं गेली फक्त ११. हिशेबनीस खूश.

ती मुलगी तीनदा हरली. तिसऱ्यांदा म्हणाली, "दादा, मी बरोबर दाबलं हुतं. दाबल्यावर लाईट पुढं सरकली." त्यावर मी वर दिलेलं वाक्य फेकलं. ती गेली नाही. पैसे संपले होते, तरी टेबलाच्या कडेला उभी राहून दुसऱ्यांचे डाव बघत बसली. दहा मिनिटांनी परत म्हणाली, "दादा, सगळ्यांचीच लाईट पुढं सरकतीय. हळू करून दाखवा की."

रांगेतली दोन पोरंही "होय होय" करायला लागली म्हणून नाइलाजाने मी आतला पॉट फिरवून वेग सेकंदाला दोनवर आणला. बटण दाबलं. दिवा जागच्या जागी थांबला. "बघ," मी म्हटलं. ती म्हणाली, "तसं नव्हं. लागल्या लागल्या दाबा."

लागल्या लागल्या दाबलं. दिवा दोन घरं पुढे उडाला.

परत दाबलं, परत उडाला. दिवा पेटून थोडा वेळ गेल्यावर दाबलं तर उडत नव्हता. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. कारण हे काय आहे ते मला त्याच क्षणी कळलं. सेकंड इयरला याच्यावर चार मार्कांचा प्रश्न असतो!

बटण दाबलं म्हणजे आतले दोन पत्रे एकदाच चिकटले असं होत नाही. ते आपटतात, उडतात, परत आपटतात, काही मिलिसेकंद हा थरथराट चालतो. याला स्विच बाउन्स म्हणतात, आणि बेलच्या दणकट बटणात तो चांगला जोरदार असतो. आता ४०१७ ची गंमत अशी, की ठोक्याची लाईन वर असताना तेरा नंबरची पिन क्षणभर सुटली, तर तो चिप त्यालाही नवा ठोका समजतो आणि एक घर पुढे जातो. दिवा पेटल्यापासून त्याच्या निम्म्याहून थोड्या जास्त वेळापर्यंत ती लाईन वरच असते. म्हणजे हिरवा पेटल्यावर पहिल्या निम्म्यात ज्याने दाबलं, तो बरोबर असूनही हरत होता. उलट एखादा घाईत एक-दोन घरं आधी दाबायचा आणि दिवा उडून हिरव्यावर जाऊन बसायचा! सकाळी वाटलेल्या ११ पेनांपैकी किती पेनं अशी गेली कोण जाणे.

तुम्ही विचाराल, टेस्टिंग केलं नव्हतं का? केलं होतं हो, दोन रात्री केलं होतं. खोलीत निम्मं हॉस्टेल येऊन खेळून गेलं. दिवा हिरव्याच्या पुढे थांबला की प्रत्येक जण स्वतःच म्हणायचा, "च्यायला, थोडक्यात हुकलं." कौशल्याच्या खेळात ही मोठी गोची आहे. मशीनची चूक आणि हाताची चूक बाहेरून अगदी सारखी दिसतात, आणि हरणारा माणूस दोष स्वतःकडे घेतो. पंखा फिरला नाही तर आपण वायरमनला शिव्या देतो. इथे शिव्या स्वतःला! त्यामुळे तक्रार येतच नाही, आणि तक्रार येत नाही म्हणून बनवणारा खूश. तक्रार करायला कोणीतरी असं लागतं ज्याचा स्वतःच्या हातावर विश्वास आहे. नंतर कळलं की ती मुलगी गोट्या खेळण्यात वर्गातल्या पोरांना ऐकत नाही.

आता मुद्द्यावर येतो. चूक कळल्यावर आम्ही स्टॉल बंद करायला निघालो, तर हिशेबनीस म्हणाला, "चालू दे रे. पैसे शाळेलाच जाताहेत, आपण कुठे खिशात घालतोय?" तिथले एक सरही म्हणाले, "अहो, मुलं मजेत खेळतायत की, एवढं काय त्यात?" हा युक्तिवाद फालतू नाही. मी त्यावर बरेच दिवस विचार केलाय. मेळाव्यात येणारा प्रत्येक जण थोडेफार पैसे सोडायला आलेला असतो, आणि पुस्तकं तर त्याच पोरांना मिळणार होती.

पण देणगीची पेटी गेटवर ठेवलेलीच होती. ज्याला द्यायचे त्याने तिथे दिले. आमच्या टेबलावर जो पाच रुपये ठेवत होता तो 'माझा हात किती नेमका आहे' हे विचारत होता, आणि आम्ही त्याला खोटं उत्तर देत होतो. जत्रेत रिंग टाकायच्या खेळात साबणाच्या वडीवर रिंग जेमतेम बसते हे शेंबडं पोरही जाणतं. घरातली मोठी माणसं आधीच सांगतात, "नाही पडणार रे, चल." तिथे हरलेलं पोर स्टॉलवाल्याला नावं ठेवतं आणि पाळण्याकडे पळतं. आमच्याकडे हरलेलं पोर आपल्या बोटाकडे बघत परत जात होतं, कारण माईकवरून 'वैज्ञानिक यंत्र' म्हणून सांगितलं होतं आणि वर मी होतोच, मशीन चुकत नाही म्हणणारा.

हे पाच रुपयांचं प्रकरण फार ताणतोय असं वाटत असेल तर ब्रिटनच्या पोस्ट खात्याचं उदाहरण बघा. तिथे १९९९ पासून 'होरायझन' नावाची कॉम्प्युटर सिस्टीम आली. ती गावोगावच्या सबपोस्टमास्तरांच्या हिशेबात नसलेली तूट दाखवायची. लोकांनी खिशातून भरपाई केली, घरं गमावली, काही जण तुरुंगात गेले. नऊशेहून जास्त जणांना गुन्हेगार ठरवण्यात आलं, त्यात भारतीय वंशाचे लोकही होते. तक्रार केली की अनेकांना ठरलेलं उत्तर मिळायचं, असा त्रास दुसऱ्या कोणालाच नाही, फक्त तुम्हालाच आहे. २०१९ मध्ये तिथल्या हायकोर्टाने सिस्टीममध्ये दोष असल्याचं मान्य केलं, आणि शिक्षा सरसकट रद्द करायला २०२४ साली पार्लमेंटला वेगळा कायदा करावा लागला. त्यांच्यातल्या कोणाला टेबलाच्या कडेला उभं राहून 'सगळ्यांचीच सरकतीय' हे बघता आलं नाही, कारण प्रत्येक जण आपापल्या गावात एकटा होता. मी हे वाचलं तेव्हा माझं वाक्य मला आठवलं. शब्द वेगळे, बाकी तेच.

आणि आपण काय शिकतो? नँड गेटच्या लॅचने बाउन्स कसा घालवायचा याची आकृती माझ्या जर्नलमध्ये आहे, पेन्सिलने काढलेली, सही-शिक्क्यासकट. काढलेली म्हणजे सिनिअरच्या जर्नलवरून उतरवलेली. ओरलला एक्स्टर्नलने विचारलं असतं तर व्याख्या घडाघडा म्हटली असती. पण आपल्या प्रॅक्टिकलमध्ये बटण दाबणारे आपण, रीडिंग घेणारे आपण, आणि रीडिंग चुकलं तर शेजारच्या बॅचचं बघून दुरुस्त करणारेही आपणच. चुकीचं रीडिंग आलं म्हणून कोणाचे पाच रुपये जात नाहीत. माझं मत विचाराल तर टर्मवर्कचे निम्मे मार्क अशा एखाद्या वस्तूला द्यावेत जी अनोळखी माणसांनी दिवसभर वापरली आहे. स्टाफपैकी काही जण यावर हसतील. हसू देत. पण निदान एक तरी प्रॅक्टिकल असं असावं.

असो. आम्ही स्टॉल बंद केला. लॅच करायला ४०११ जवळ नव्हता. सामानाच्या डबीत दहा मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर सापडला. तेरा नंबरच्या पिनेला जमिनीशी जोडणारा जो दहा किलोओहमचा रेझिस्टर होता त्याच्यावर तो सोल्डर केला. पत्रे थरथरले तरी कपॅसिटर ती पिन तेवढा वेळ वर धरून ठेवतो. शाळेच्या ऑफिसात सोल्डरिंग गन लावून वीस मिनिटांत काम झालं. दोन रुपयांची वस्तू. मग माईकवरून सांगितलं की यंत्रात दोष होता, सकाळी खेळलेल्या सगळ्यांना एक डाव फुकट. हे बोलताना घसा कोरडा पडला होता, ते असू दे. सकाळी न खेळलेलीही बरीच पोरं फुकटात खेळून गेली. कोण ओळखणार? आले तर आले.

त्यानंतर २७० डाव झाले आणि ६६ पेनं गेली. मध्येच पेनं संपली म्हणून हिशेबनीस तोंड पाडून गावातल्या दुकानातून आणखी घेऊन आला. पेनांचे पैसे वजा जाता आमच्या टेबलावरून शाळेला ३८० रुपये मिळाले. पाणीपुरीवाल्यांनी किती दिले ते मी इथे लिहिणार नाही.

ती मुलगी फुकटचा डाव खेळायला आली. तिला आम्ही तीन दिले, कारण ती तीनदा हरली होती. पहिले दोन चुकले. मी हळूच विचारलं, "सरकली का गं?" म्हणाली, "नाही, आत्ता माझंच चुकलं." तिसरा बसला.

मशीन सध्या माझ्या कॉटखाली आहे. पुढच्या मेळाव्यासाठी सेकंड इयरच्या पोरांनी मागितलंय. कपॅसिटर काढून आता त्यात रीतसर लॅच बसवलाय, आणि प्लायच्या पुढच्या बाजूला एक जादा बटण लावलंय, त्यावर 'सावकाश' असं लिहिलंय. शंका आली तर कोणीही दाबून बघावं. त्याचे पैसे नाहीत.

– तृतीय वर्ष, ई अँड टीसी