बिर्याणीचे बिल

एखाद्या भीषण गुन्ह्यात आरोपीला फाशीऐवजी जन्मठेप झाली, की पारापासून विधानसभेपर्यंत एकच सवाल ऐकू येतो: याला आमच्या कराच्या पैशातून जन्मभर पोसायचे कशाला? लटकवा आणि मोकळे व्हा. या सवालामागचा राग खरा आहे. हिशेब तेवढा उलटा आहे.

कसाबचेच घ्या. त्याच्या तुरुंगातल्या बिर्याणीने महाराष्ट्राचे डोके कैक वर्षे तापवले. ती त्याने मागितलीच नव्हती, लोकांचा कल त्याच्याकडे झुकू नये म्हणून आपणच ती गोष्ट रचली, असे विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी २०१५ मध्ये सांगून टाकले. कसाबवर सरकारचे अठ्ठावीस कोटींहून अधिक खर्च झाले. त्यात जेवणाचा वाटा पन्नास हजारांच्याही आतला. बाकीचे बंदोबस्तात आणि आर्थर रोडच्या भक्कम कोठडीत गेले. कैद्याचे पोट ही तुरुंगाच्या खर्चातली फार किरकोळ बाब असते. शिवाय पकडल्यापासून चार वर्षांत फासावर जाणारा कसाब हा अपवादच.

रीत पाहायची तर कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोघी बहिणी. फाशी सुनावली २००१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली २००६ मध्ये. मग दयेचा अर्ज सरकारी टेबलांवर जवळपास आठ वर्षे फिरत राहिला. या दिरंगाईपायीच २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली. म्हणजे अटकेपासून पंचवीस वर्षे पोसले ते पोसलेच, वर फाशीच्या कज्जाचा खर्च निराळा.

हा कज्जा स्वस्तात होत नाही. सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. मग अपील, फेरविचाराची खुली सुनावणी, राज्यपाल, राष्ट्रपती आणि अर्जाला उशीर झाला म्हणून पुन्हा कोर्ट. फाशीचे बहुतेक कैदी गरीब, त्यामुळे पुष्कळदा दोन्ही बाजूंच्या वकिलांची फी सरकारच मोजते. एवढे करून २००४ पासून देशात फासावर गेले आठ जण, आणि शिक्षा डोक्यावर घेऊन बसलेले पाचशेहून अधिक.

या साऱ्याची बेरीज आपल्याकडे कोणी मांडत नाही. कॅलिफोर्नियात मांडली. आर्थर अलार्कोन हे एके काळचे सरकारी वकील, पुढे संघीय न्यायाधीश. म्हणजे कैद्यांचा कैवार घेणारे कोणी नव्हेत. त्यांनी आणि पॉला मिचेल यांनी २०११ मध्ये दाखवले, की १९७८ पासून फाशीच्या व्यवस्थेवर राज्याचे सुमारे ४०० कोटी डॉलर गेले आणि तेवढ्यात मृत्युदंड झाले १३. माणशी तीस कोटी डॉलरच्या वर! सॅन क्वेंटिन तुरुंगात साडेआठ लाख डॉलर खर्चून नवी मृत्युदंडाची खोली बांधली; ती एकदाही न वापरता २०१९ मध्ये बंद झाली. मतदारांना हे आकडे ठाऊक होते. तरी २०१२ आणि २०१६ मध्ये त्यांनी फाशी ठेवण्याच्याच बाजूने कौल दिला. उलट दुसऱ्या खेपेला, खटले वेगाने उरका, असा कायदाही मंजूर केला.

आपल्याकडचे उत्तरही तेच असते: मग कोर्टाचे हेलपाटे कमी करा, खर्च आपोआप उतरेल. उतरेल खरा. नाशिकच्या २००३ मधल्या एका हल्ल्याच्या खटल्यात भटक्या जमातीच्या सहा जणांना फाशी झाली. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेप केली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांनाही पुन्हा फाशीच दिली. तिथेच दप्तर बांधले असते तर केवढी बचत! पण फेरविचार झाला आणि २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. हल्ल्यातून वाचलेल्या बाईने पोलिसांकडच्या फोटोंतून आधी दुसऱ्याच चौघांना ओळखले होते. त्यांचा तपासच झाला नव्हता. सहा जणांची सोळा वर्षे तुरुंगात गेली, आणि सरकारने प्रत्येकी पाच लाख रुपये द्यावेत असा हुकूम झाला.

या निकालाला तीन वर्षेही उलटली नव्हती, तेव्हा डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या विधिमंडळाने एकमताने ‘शक्ती’ विधेयक मंजूर केले. स्त्रियांवरील काही अत्याचारांना त्यात फाशीची तरतूद होती. तपासाला मुदत तीस दिवस, खटल्याला आणखी तीस.