कॅरोल बिघडले ते नेमके कधी?

डिसेंबर उजाडला की आमच्या परिचयातील विद्वज्जनांत एक तक्रार ठरल्याप्रमाणे ऐकू येते. नाताळची गाणी बाजाराने बिघडवली, सिनेमाने त्यांची रया घालवली. मूळची कॅरोलगीते कशी शुद्ध, सात्त्विक, चर्चच्या वेदीपाशी जन्मलेली होती! मागे एका चर्चासत्रात हेच विधान लोकसाहित्यावरील निबंधात, तेही कसल्याही आधाराविना, ऐकावे लागले आणि सभागृहाने माना डोलावल्या. मॉलमधल्या ध्वनिवर्धकांचा आम्हांलाही कंटाळा आहे. परंतु हे ‘मूळचे शुद्ध’ प्रकरण आम्हांला मान्य नाही.

मुळात मध्ययुगीन इंग्रजी कॅरोल नाताळचेच असले पाहिजे असा दंडक नव्हता. रिचर्ड ग्रीन यांनी १९३५ साली प्रसिद्ध केलेल्या संग्रहात कॅरोलची व्याख्या विषयावरून न करता रचनेवरून केली: सारख्या बांधणीची कडवी आणि फिरफिरून येणारे ध्रुवपद. शब्दाचे कूळ शोधत गेले तर फ्रान्समधल्या फेर धरून नाचण्यापाशी जाऊन पोचते. १४१५ सालच्या अ‍ॅजिनकोर्टच्या विजयावर कॅरोल आहे. मेजवानीत रानडुकराचे मुंडके वाजतगाजत आणतानाचे कॅरोल आहे. ते विंकिन द वर्ड या मुद्रकाने १५२१ साली छापले. यातले सात्त्विक कोणते ते तक्रारदारांनीच निवडून द्यावे.

आता ज्या गीताविना नाताळची उपासना पुरी होत नाही, ते देवदूतांच्या घोषाचे ‘हार्क द हेरल्ड’ घ्या. चार्ल्स वेस्ली यांनी ते १७३९ साली प्रसिद्ध केले तेव्हा त्याची पहिली ओळ निराळी होती. १७५३ साली जॉर्ज व्हाइटफील्ड यांनी ती परस्पर बदलली. पुढे १७७९ साली चार्ल्सचे बंधू जॉन वेस्ली यांनी आपल्या स्तोत्रसंग्रहाच्या प्रस्तावनेत, आमच्या रचना सुधारण्याच्या भरीस कोणी पडू नये, अशी विनवणी केली. तोवर सुधारलेली ओळच लोकांच्या तोंडी रुळू लागली होती. चालीची कथा याहून मौजेची. मेंडेलसोन यांनी १८४० साली लाइपझिग येथे मुद्रणकलेच्या चारशेव्या वर्षाच्या उत्सवासाठी एक वृंदगान रचले. त्यातली एक चाल इतर शब्दांना चालेल, पण धार्मिक शब्दांना मुळीच शोभणार नाही, असे त्यांचे स्वतःचे मत होते. १८५५ साली विल्यम कमिंग्ज या ऑर्गनवादकाने नेमकी तीच चाल वेस्लींच्या शब्दांना जोडली. या गीताची शुद्ध संहिता कोणत्या सालची समजावी? कर्त्याच्या इच्छेला प्रमाण मानायचे, तर हे गाणे गाताच येणार नाही.

कॉव्हेंट्री कॅरोलबद्दल मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे. नाताळची गाणी म्हणजे गोडगोड आनंद, ही समजूत असणाऱ्यांनी ते एकदा ऐकावे. हेरोद राजाचे शिपाई बालकांना मारायला निघाले आहेत आणि आया आपल्या लेकरांसाठी अंगाई गात आहेत. आवाज ऐकू जाऊ नये म्हणून मुलाला निजवायचे आहे. हे गीत चर्चच्या उपासनेतले नव्हेच. शिंपी आणि कापड कातरणारे यांच्या संघाने रस्त्यावर सादर करावयाच्या नाटकातले ते आहे. रॉबर्ट क्रू याने नाटकाची संहिता १५३४ साली दुरुस्त करून लिहिली. सुरावट नोंदली गेली ती १५९१ साली. हे हस्तलिखित १८७९ च्या बर्मिंगहॅम ग्रंथालयाच्या आगीत जळाले. आज आपल्या हाती आहे ती टॉमस शार्प यांनी १८२५ साली छापलेली प्रत, आणि तिच्यातल्या नकलेच्या चुका पुढच्या संपादकांना निस्तराव्या लागल्या. १९४० च्या नोव्हेंबरात जर्मन विमानांनी कॉव्हेंट्रीचे कॅथीड्रल उद्ध्वस्त केले. त्याच नाताळात त्या अवशेषांतून हे गीत गायले गेले आणि बीबीसीने ते दूरवर ऐकवले. गाणाऱ्यांनी संहितेची शुद्धाशुद्धता पाहिली नसावी.

आणि चर्चच्या छत्रछायेची गोष्ट! १६४७ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने, प्युरिटन धार्मिकांच्या आग्रहाने, खुद्द नाताळचा सणच रद्द केला. एकोणिसाव्या शतकात गावोगावच्या चर्चांमध्ये ऑर्गन आणि झगेधारी गायकवृंद आले तेव्हा सज्ज्यात बसून फिडल वाजवणारे जुने गावकरी बाहेर पडले. शेफील्डच्या आसपासच्या खेड्यांत ती गाणी पबमध्ये टिकली. तिथे एकच मेंढपाळांचे गीत अनेक चालींवर आजही म्हटले जाते. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजातला नऊ वाचनांचा सोहळा तरी प्राचीन असेल? तो तिथे १९१८ साली, महायुद्धातून परतलेल्या एका धर्मगुरूने सुरू केला. त्याचा आराखडा ट्रुरो येथे १८८० साली, कॅथीड्रलचे बांधकाम चालू असताना, तात्पुरत्या लाकडी इमारतीत ठरला होता. शिवाय १९८३ पासून हे कॉलेज दरवर्षी एक नवे कॅरोल मुद्दाम रचून घेत आले आहे.

या साऱ्याशी मराठीच्या अध्यापकांचा काय संबंध, असे विचारले जाईल. संबंध असा की गायच्या संहितेला छापील कवितेच्या मापाने मोजण्याची खोड आपलीच आहे. फादर स्टीफन्स हे इंग्रज गृहस्थ. त्यांनी येशूजन्माची कथा मराठी ओवीत आणली, १६१६ साली रायतूरला ती छापली गेली, आणि गोव्यातल्या चर्चांमध्ये ती गायली जाई. आपण परीक्षेत विचारतो काय? मराठी भाषेची थोरवी सांगणाऱ्या ओव्यांचे रसग्रहण. रेव्हरंड टिळकांची भजने तर ‘ख्रिस्ती साहित्य’ या कप्प्यात घातली की आपली जबाबदारी संपते. ती कोणत्या चालीवर म्हणतात याची चौकशी करण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

मागल्या वर्षी आम्ही ‘ख्रिस्तपुराणा’तील जन्माच्या प्रसंगाच्या काही ओव्या वर्गात वाचून न दाखवता विद्यार्थ्यांकडून म्हणवून घेतल्या. एका विद्यार्थिनीने आपल्या आजीची जात्यावरची चाल लावली. चालीत बसेनात म्हणून दोन शब्द तिने मागेपुढे केले, आणि सगळा वर्ग तिच्या मागोमाग तसेच म्हणू लागला. आम्ही ते दुरुस्त केले नाहीत.