जातीचे नाव घाईने नको

धाकटीने डबक्यातले बुळबुळीत शेवाळ काचपट्टीवर ठेवले. सूक्ष्मदर्शकात लांबट पेशी आणि त्यांत स्प्रिंगसारखा हिरवा पट्टा दिसला. "अब्बा, स्पायरोगायरा!" बरोबर. पण प्रकल्पाच्या वहीत तिने पुस्तकातल्या एका जातीचे नावही लिहून टाकले.

मी थांबवले. "बेटा, याच्या ४००हून अधिक जाती आहेत. पेशीची रुंदी, पट्ट्यांची संख्या, आडभिंत सपाट की दुमडलेली, हे पाहावे लागते. शिवाय दोन पेशींच्या मिलनातून तयार होणारा युग्मबीजाणू पक्व झाल्यावर त्याचा आकार आणि कवच तपासायचे. ते तुला दिसले?"

"नाही."

तिने नाव खोडून लिहिले : "स्पायरोगायरा, जात ठरलेली नाही."

मुलांनो, गुण कमी मिळाले तरी चालतील, न पाहिलेले लिहू नका.