एक्स-रे उत्तम आहे, आईचा गुडघा नाही

पनवेलकरांनो, स्टेशनवरून घरी येताना गुडघे बदलण्याच्या जाहिराती मोजून बघा. प्रत्येकीत एक हसणाऱ्या आजी असतात. माझ्या आईचं ऑपरेशन होऊन आठ महिने झाले. ती तशी हसत नाहीये.

हॉस्पिटलचं नाव लिहिणार नाही, कमेंटमध्ये विचारू नका. मुद्दा एका हॉस्पिटलचा नाहीच. डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवरच्या मुलीने मोबाइल पुढे केला, "सर, पाच स्टार द्या ना." दिले. आई वॉकर धरून चार पावलं चालली होती, आम्ही खुश होतो. सहा महिन्यांनी तपासणीला गेलो तर डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, "उत्तम बसलाय" म्हणाले. आई म्हणाली, "रात्री ठणकतं हो." उत्तर आलं, "वयाच्या मानाने चालायचंच." फायलीत काय लिहिलं? रिझल्ट चांगला. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, त्यामुळे वडाळे तलावावरची तिची संध्याकाळची फेरी अजून बंदच आहे. ते फायलीत नाही.

इंग्लंडमध्ये २००९ पासून गुडघा बदलण्याआधी आणि नंतर सहा महिन्यांनी पेशंटलाच फॉर्म देतात. त्यात ऑक्सफर्डची १२ साधी प्रश्नं असतात: रात्री दुखतं का, जिना उतरता येतो का, बाजारहाट एकट्याने जमतो का. एकूण गुण ४८. हॉस्पिटलनिहाय आकडे जाहीर होतात, कोणीही बघावेत. मांडी घालून बसता येतं का, हे त्यात नाही. ते आपल्याला घालावं लागेल, कारण आमच्याकडे गणपतीत आईला पहिल्यांदा खुर्ची द्यावी लागली आणि तिला ते फार लागलं.

ऑपरेशन वाईट असतं असं मी म्हणत नाही. बहुतेकांना फायदा होतोच. पण साधारण पाचातला एक पेशंट नंतर समाधानी नसतो, असं परदेशातले अनेक अभ्यास सांगतात. पनवेलमध्ये पाचातला एक की दोन? कोणी विचारलंय?

२०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची किंमत सरासरी दीड लाखावरून ५४,७२० रुपयांवर आणली, जीएसटी वेगळा. चांगलंच केलं. धातूच्या तुकड्याचा हिशोब झाला. तो घालून माणूस चालतो कसा, याचा हिशोब ठेवायला कागदाचं एक पान आणि सहा महिन्यांनी एक फोन पुरतो. बिल थकलं असतं तर फोन आलाच असता की!

जिथे सरकारी पैशातून गुडघे बदलले जातात, तिथे हा फॉर्म सक्तीचा करा, मराठीत करा आणि आकडे दाराबाहेर लावा. खाजगीवाले मग मागून येतील.

तोवर ज्यांच्या घरी ऑपरेशन ठरलंय त्यांनी सही करण्याआधी एवढंच विचारा: "डॉक्टर, गेल्या वर्षी तुम्ही गुडघे बदललेत त्यातले किती जण सहा महिन्यांनी जिना नीट उतरत होते?" काय उत्तर मिळालं ते खाली लिहा. नावं नकोत, फक्त उत्तर.