भोक पडलेले डुकाट

जुन्या नाण्यांच्या लिलावाच्या याद्या वाचायचा मला नाद आहे. कारकुनाच्या पगारात खरेदी क्वचितच होते, पण वाचायला पैसे पडत नाहीत. डच प्रांतांच्या सोन्याच्या नाण्यांपाशी आलो की एक शेरा हटकून भेटतो : ‘भोक पडलेले’ किंवा ‘कडी लावल्याची खूण’. लगेच किंमत खाली! मला हा न्याय पटत नाही.

स्पेनविरुद्ध उठलेल्या सात डच प्रांतांनी 1579 साली उत्रेख्त येथे एकजुटीचा करार केला. टाकसाळी मात्र प्रांतांच्या आपापल्याच राहिल्या. 1586 पासून डुकाटाचा नमुना ठरला : वजन साधारण साडेतीन ग्रॅम, सोने हजारी 983. एका बाजूला चिलखत घातलेला उभा योद्धा, एका हातात तलवार, दुसऱ्या हातात सात प्रांतांचे सात बाण. भोवती लॅटिन वचन, एकोप्याने लहानही वाढते अशा अर्थाचे. मागे चौकटीत मजकूर. किमतीचा आकडा कुठेच नाही. ‘होल’ म्हणजे हॉलंड, ‘ट्रा’ म्हणजे उत्रेख्त, अशा दोनतीन अक्षरांवरून प्रांत ओळखायचा. संग्राहकाची सगळी मौज या अक्षरांत आहे.

या नाण्यावर लोकांचा विश्वास इतका, की रशियाने 1735 पासून 1868 पर्यंत आपल्या टाकसाळीत गुपचूप त्याच्या प्रतिकृती पाडल्या. डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे हे सोने आशियात नेत. त्यांतले ‘आकेरेंडाम’ 1725 साली नॉर्वेजवळच्या रुंडे बेटापाशी फुटले. 1972 साली पाणबुड्यांना तिथे हजारो सोन्याची नाणी मिळाली.

अशी करकरीत नाणी संग्राहकांना प्रिय. असोत. पण ती कुणाच्या हातातच गेली नाहीत. ज्याला भोक आहे ते बाजारात फिरले, कुणाच्या तरी घरी पोचले आणि गळ्यात मिरवले. त्याने नाण्याचा जन्म पुरता भोगला.

आपल्याला हे वेगळे समजवायला नको. व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याला आपण पुतळी म्हटले आणि तिची माळ केली. डचांचीही वखार 1637 पासून इथे जवळच, वेंगुर्ल्याला होती. आजीच्या माळेतल्या पुतळीला कडी आहे म्हणून तिला सदोष म्हणाल का?

भोक गुपचूप बुजवून नाणे अखंड म्हणून विकणे ही लबाडी, तिथे शेरा हवाच. अखंड नाण्याला जास्त भाव मिळावा, हेही मान्य. पण सदोष ठरलेले नाणे शेवटी वजनावर विकले जाते. सोने महागले की नाणे आणि धातू यांच्या किमतीतले अंतर मिटते आणि ते मुशीत जाते. सोने उरते, पण कोणत्या प्रांताने ते कोणत्या साली पाडले, हे सांगणारी अक्षरे कायमची जातात.

म्हणून नव्या संग्राहकांना माझे सांगणे एवढेच, की परवडतात ती भोकाची नाणी निःसंकोच घ्या आणि शेऱ्याला लाजू नका. आणि घरच्या पेटीत जुनी पुतळी असेल तर शेटाकडे मोडीला नेण्यापूर्वी भिंग घेऊन तिच्यावरची अक्षरे एकदा वाचा.