गोठ्यातील कालवड आणि घरातील कन्या

गेल्या चातुर्मासात एक दूधउत्पादक शेतकरी चिकित्सालयात आले. सूनबाईंची प्रकृती सांगून झाल्यावर हळूच म्हणाले, "वैद्यराज, आता गाईला कालवडच होईल अशी कांडी मिळते. मग घरात नातूच होईल असं औषध तुमच्या आयुर्वेदात असेलच की!" हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांनी ऐकला असेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम त्या कांडीविषयी. वळूच्या एक्स गुणसूत्रधारी शुक्राणूत वायधारी शुक्राणूपेक्षा सुमारे ३.८ टक्के डीएनए अधिक असते. अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथील कृषी संशोधन केंद्रात लॉरेन्स जॉन्सन यांनी या भेदाचा उपयोग करून १९८९ मध्ये सशांवरील यश प्रसिद्ध केले. शुक्राणूंना प्रकाशमान रंग देऊन लेसरसमोरून नेतात व विद्युत्भाराच्या साहाय्याने वेगळे करतात. सुमारे ९० टक्के वासरे अपेक्षित लिंगाची निपजतात; मात्र गर्भधारणेचे प्रमाण काहीसे घटते. ट्रॅक्टर आल्यापासून गोऱ्ह्याचे काम सरले. तेव्हा शेतकऱ्याने कालवडीची इच्छा धरणे स्वाभाविकच होय.

परंतु या तंत्राचा दाखला देऊन पुंसवनाचे समर्थन करणारे आपले काही बांधव पाहिले की खेद होतो. चरकसंहितेच्या शारीरस्थानात शुक्राधिक्याने पुत्र व रक्ताधिक्याने कन्या असे मत आहे, पुंसवनविधीही आहे. तो त्या काळचा विचार म्हणून आदरपूर्वक अभ्यासावा. पण शुक्राधिक्य म्हणजेच वाय गुणसूत्र, ही ओढाताण शास्त्रास शोभत नाही. डीएनए अधिक असते ते कन्येच्या शुक्राणूत! शिवाय गर्भ राहताक्षणीच गुणसूत्रे ठरलेली असतात. त्यानंतर दिलेला कोणताही कल्प ती पालटू शकत नाही.

१९९४ च्या कायद्यात २००३ मध्ये दुरुस्ती होऊन गर्भधारणापूर्व लिंगनिवडही निषिद्ध झाली. तशी जाहिरात करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, २०११ मध्ये ८९४ उरल्या. "पुत्रप्राप्ती" असा शब्द फलकावर लिहिणाऱ्या वैद्याने हे आकडे एकदा डोळ्यांखालून घालावेत.

त्या गृहस्थांना मी गर्भिणीपरिचर्या समजावून दिली व एवढेच विचारले, "दादा, गोठ्यात कन्या जन्मली तर पेढे वाटता, मग घरात का नाही?" ते निरुत्तर झाले. हा प्रश्न विचारण्याचे धैर्य प्रत्येक वैद्याने दाखवावे, हीच नम्र विनंती.